इमोजीनसाठी आखूड बंदूक

वेंडेल स्टॅम्पर हा कॉल्डर्स फोर्क गावातला सगळ्यात निरुपद्रवी माणूस, असं गावाचं मत होतं आणि खुद्द वेंडेलची त्याला हरकत नव्हती. उभी हयात त्याने गावाला चष्मे लावले. समोरच्याच्या डोळ्यापुढे एक काच धरायची, मग दुसरी धरायची आणि विचारायचं, "ही बरी, की ही?" या एका प्रश्नावर त्याने घर बांधलं, दोन पोरी शिकवून शहरात धाडल्या आणि निवृत्त झाला. गाडी चुकीच्या जागी लावल्याचा दंडसुद्धा त्याला कधी झाला नव्हता. आणि केंटकीच्या त्या डोंगरात जन्मूनही त्याने आयुष्यात बंदुकीचा चाप ओढला नव्हता. लोहाराच्या घरी जन्म घेऊन विस्तवाला भिण्यातलाच हा प्रकार, पण लोक समजून घेत, कारण त्या घरातली बंदूक इमोजीन चालवायची.

इमोजीन म्हणजे त्याची बायको. जिल्ह्याच्या नेमबाजी क्लबात तिने जिंकलेले चषक इतके होते की त्यातल्या एकात वेंडेल छत्र्या ठेवायचा. रविवारी चर्च सुटलं की ती क्लबात जायची आणि हा बाहेर गाडीत बसून शब्दकोडं सोडवायचा. कोणी काचेवर टकटक करून "इमोजीनचा नवरा ना तुम्ही?" असं विचारलं की "हो," म्हणायचा आणि पुन्हा आडवे शब्द, उभे शब्द.

त्या मार्चमध्ये इमोजीनला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. पाय काठीपुरता परत आला. हात आला नाही. बोलण्यातले तीन शब्द तेवढे मागे राहिले: "नाही", "थांब" आणि "च्यायला".

तिसऱ्या शब्दाने सगळेच चकित झाले. इमोजीनने वर्षानुवर्षं चर्चच्या शाळेत पोरांना देवाच्या गोष्टी सांगितल्या होत्या. बोटावर हातोडी बसली तरी ती फार तर "अगं बाई" म्हणायची. डॉक्टर म्हणाले, असं होतं, विचार करून बोलायचे शब्द जातात आणि आपोआप निसटणारे राहतात. वेंडेलला प्रश्न पडला की हा शब्द तिने इतकी वर्षं कुठे दाबून ठेवला होता, आणि तो दाबण्यात आपला वाटा किती. पाळकसाहेब भेटायला आले आणि त्यांनी डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली, तेव्हा "आमेन"च्या जागी इमोजीन तो शब्द अगदी स्वच्छ म्हणाली.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी उजव्या मुठीत धरायला रबराचा चेंडू दिला होता. इमोजीनने तो डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकला. नेम चांगला होता, शेजारच्या पत्रपेटीला लागला. बाकी दिवसभर ती बंदुकीच्या कपाटासमोर खुर्ची घेऊन बसायची. एका सकाळी वेंडेल स्वयंपाकघरात अंडी फोडत असताना आतून धाड असा आवाज आला. धावत गेला तर ती जमिनीवर बसलेली, आणि तिची जुनी लांब रायफल शेजारी आडवी पडलेली. एका हाताने काढायला गेली होती. वेंडेल तिच्या शेजारी बसला. तिन्ही शब्दांपैकी एकही शब्द ती बोलली नाही. एवढ्यावरून वेंडेलने ठरवलं की हिला एका हाताने धरता येईल अशी बंदूक करून द्यायची.

काम दिसायला छोटं होतं. पण वेंडेलच्या शेजारी ऑर्विल कॉम्ब्स राहत होता. ऑर्विल टपालखात्यातून निवृत्त झालेला. पूर्वी घरोघर पत्रं टाकायचा, आता पत्रं उरली नव्हती म्हणून सल्ला टाकायचा.

"लांब बंदूक तिला पेलायची नाही," ऑर्विल कुंपणावर कोपर टेकून म्हणाला. "नुसतं पिस्तूल एका हातात थरथरणार. तुला मधलं काहीतरी पाहिजे. रायफलीसारखं दिसणारं पिस्तूल असतं. नळी आखूड, आणि मागे ब्रेस. म्हणजे पट्ट्याचा आधार. तो हाताच्या कोपराखाली बांधायचा. एक हात निकामी झालेल्या सैनिकासाठीच मुळात काढलंय ते."

"मग तेच पाहिजे मला."

"हो. पण आता दोन्ही हात धडधाकट असलेले लोकच ते वापरतात."

"ते कशाला?"

"खांद्याला लावायला."

"खांद्याला लावलं तर ती रायफलच झाली ना?"

ऑर्विलने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं. "हळू बोल," तो म्हणाला.

मग त्याने कायदा समजावला, आणि वेंडेलला त्या दुपारी आवडती भेंडीसुद्धा गोड लागली नाही. आखूड नळी हाताला बांधली तर पिस्तूल. तीच नळी खांद्याच्या दस्त्याला जोडली तर आखूड नळीची रायफल, आणि तिला वॉशिंग्टनची परवानगी लागते. ती नसली तर तुरुंग. मानला तर देव, नाही तर धोंडा, हे देवाच्या बाबतीत ठीक आहे. इथे धोंडा ठरला तर माणूस खडी फोडायला जातो. त्यात हे नियम दर थोड्या दिवसांनी बदलायचे, आणि बदलले की ऑर्विल आनंदाने कुंपणापाशी यायचा.

हर्शेल बिग्जच्या बंदुकीच्या दुकानात वेंडेल रविवारचा कोट घालून गेला. आयुष्यात पहिल्यांदाच तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला होता. हर्शेल पिस्तुलाच्या एकामागून एक मुठी काउंटरवर मांडत म्हणाला, "ही बरी वाटते, की ही?" आणि वेंडेलला कळलं की या प्रश्नाने माणूस किती ओशाळा होतो. दोन्ही सारख्याच दिसत होत्या. गावातल्या हजारो डोळ्यांची त्याने मनातल्या मनात माफी मागितली.

"काडतूस कुठलं घालू?" हर्शेलने विचारलं.

"तुम्ही सांगाल ते."

हे वाक्य कुठल्याच दुकानात बोलू नये. हर्शेलने फौजी रायफलीचं काडतूस बसणारं धूड बांधून दिलं. "आधी तू चालवून बघ," तो म्हणाला. "बायकोच्या हातात तपासल्याशिवाय देऊ नये काही." दुकानामागे मातीचा बांध होता. वेंडेलने ब्रेस हाताला आवळला. तो खांद्याला चुकूनही लागू नये म्हणून बंदूक इतकी पुढे धरली की जणू कोणाचं तरी ओलं बाळ धरलंय. मग डोळे मिटून चाप ओढला.

एवढ्या आखूड नळीतून एवढं मोठं काडतूस सुटलं की अर्धी दारू बाहेर येऊन जळते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. समोर भट्टीचं दार उघडल्यासारखा जाळ झाला. कानात चर्चची घंटा बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. पण गावभर जी बातमी झाली ती वेगळीच. हादऱ्याने वेंडेलच्या चष्म्याची एक काच निखळून पडली. गावाला चष्मे लावणाऱ्याच्या स्वतःच्या चष्म्याचा स्क्रू ढिला होता. पुढे कितीतरी दिवस लोक त्याला बघितलं की आपापला चष्मा काढून स्क्रू तपासायचे.

ते धूड परत गेलं. इमोजीन आयुष्यभर बावीस कॅलिबरची बारीक गोळी वापरत आली होती, हे हर्शेललाही माहीत होतं, पण विचारलं कोणी नव्हतं. मग बावीसची नळी, हलका सांगाडा, निरनिराळे ब्रेस, मुठी, लाल ठिपक्याने नेम दाखवणाऱ्या काचा, असं सगळं खोक्याखोक्यांनी घरी येऊ लागलं. पलीकडच्या घरातल्या ड्रेमाबाई पडदा बाजूला करून खोकी मोजत होत्या. ड्रेमाबाई फार मायाळू. गावात कोणी आजारी पडलं की त्या शेंगांचा भाजलेला पदार्थ घेऊन हजर, मग माणूस बरा होवो न होवो. त्यांनी पाळकसाहेबांना सांगितलं की वेंडेलची बायको अशी, आणि घरात हत्यारं येताहेत, लक्षण बरं नाही. पाळकसाहेब आले, सोफ्यावर बसले आणि आशा या विषयावर बोलू लागले. वेंडेलला त्यांचा रोख कळायला वेळ लागला. कळला तेव्हा त्याचे कान लाल झाले.

"तिला नेम धरता यावा म्हणून चाललंय हे सगळं," तो म्हणाला.

"कोणावर?" पाळकसाहेबांनी काळजीने विचारलं.

कधी नव्हे तो वेंडेल त्यांना दारापर्यंत सोडायला गेला नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुळवाजुळव सुरू झाली. वेंडेल एक मूठ बसवायचा, तिच्या डाव्या हातात द्यायचा आणि विचारायचा, "ही बरी, की ही?"

"नाही."

"आणि हा ब्रेस? हा जरा मऊ आहे."

"नाही."

"हा?"

"च्यायला."

एक गोष्ट मात्र त्याने फार नामी केली, आणि तिची दखल कोणी घेतली नाही. झटक्यानंतर तिची उजवीकडची नजर अर्धी गेली होती आणि काचेतला लाल ठिपका तिला फरफटलेल्या धूमकेतूसारखा दिसत होता. वेंडेलने धंद्यातल्या काचांचं जुनं कपाट उघडलं, तिच्या डाव्या डोळ्यासाठी स्वतः भिंग घासलं, आणि ते घातल्यावर ठिपका ठिपका झाला. इमोजीन बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिली. "नाही" म्हणाली नाही.

मग ती पुढची मूठ आली. नळीखाली उभी बसवायची, दुसऱ्या हाताने धरायला. वेंडेलला ती नकोच होती, हर्शेलने चुकून खोक्यात टाकली होती. पण बसवली. आणि काय सुचलं कोण जाणे, त्याने इमोजीनचा मेलेला उजवा हात उचलला आणि त्याची बोटं एकेक करून त्या मुठीभोवती गुंडाळली. ती आपोआपच आवळलेली राहायची, तशी तिथेही राहिली. हाताला जोर नव्हता, पण हात जागेवर होता. झटक्यापासून पहिल्यांदाच तिचे दोन्ही हात बंदुकीवर होते.

तेवढ्यात ऑर्विल मागच्या दाराने मक्याची कणसं घेऊन आला. त्याने बघितलं आणि कणसं टेबलावर ठेवायची विसरला.

"वेंडेल, ते काढ."

"काय काढ?"

"पुढची मूठ. पिस्तुलाला उभी मूठ लावली की ते पिस्तूल राहत नाही. तिसरंच काहीतरी होतं. त्याची परवानगी वेगळी. आत्ता या क्षणाला या स्वयंपाकघरात गुन्हा चालू आहे. आणि मी साक्षीदार."

वेंडेल गर्भगळीत झाला. तो घाईघाईने इमोजीनची बोटं सोडवू लागला. आवळलेली बोटं, सुटेनात.

"थांब," इमोजीन म्हणाली.

"अगं, तुरुंगात घालतील."

"थांब. थांब."

त्याने बोटं सोडवली. मूठ काढली. ती घरात ठेवायचीही त्याला भीती वाटली, म्हणून गाडीच्या डिकीत टाकली आणि पिस्तूल कपाटात, म्हणजे सासू-सून एका छपराखाली नकोत. परत आला तेव्हा इमोजीनने खुर्ची भिंतीकडे फिरवली होती. तशीच ती दोन दिवस बसून राहिली.

"आता ही मूठ तिला द्यायचीच," तिसऱ्या दिवशी वेंडेल कुंपणापाशी जाऊन म्हणाला. "काय करू ते सांग."

निरुपद्रवी माणसाचा आवाज इतका वेगळा लागला की ऑर्विलने पहिल्यांदाच सल्ला थोडक्यात दिला. "आखूड रायफल म्हणून रीतसर नोंदव. एकदा ती रायफल झाली की पुढे मूठ लाव, नाही तर झालर लाव. कोणी विचारणार नाही. पण नुसत्या तुझ्या नावावर नको. तू बाजूला नसशील तर तिला हात लावता येणार नाही. तुम्ही दोघं विश्वस्त व्हा. स्टॅम्पर कौटुंबिक ट्रस्ट. मग दोघांचे फोटो, दोघांच्या बोटांचे ठसे."

अशा रीतीने बावीसच्या त्या बोटभर बंदुकीचं संस्थान झालं.

फोटोसाठी ते औषधाच्या दुकानात गेले. कॅमेऱ्यामागचा तरुण म्हणाला, "बाई, चेहरा सरळ ठेवा."

वेंडेल म्हणाला, "ठेवलाय."

"तोंड जरा वाकडं येतंय. असला फोटो ते घेत नाहीत कधीकधी."

"याहून सरळ होत नाही तो," वेंडेल म्हणाला. तो तरुण मग खाली बघत बटणं दाबत राहिला. इमोजीनने कोटाची कॉलर नीट केली आणि ती पुन्हा कॅमेऱ्याकडे बघू लागली.

ठसे घ्यायला शेरिफच्या कचेरीत जायचं होतं. तिथली डेप्युटी व्हर्ना स्लोन लहानपणी चर्चच्या शाळेत इमोजीनच्या हाताखाली शिकलेली. तिने आधी वेंडेलची बोटं शाईत बुडवून कार्डावर लोळवली. वाकून बघितलं. पुन्हा लोळवली.

"मिस्टर वेंडेल, तुमच्या बोटांवर काहीच नाहीये."

"म्हणजे?"

"रेषाच नाहीत. गुळगुळीत आहेत."

आयुष्यभर काचा घासल्याचा हा परिणाम. काचा स्वच्छ करता करता वेंडेल स्वतःच पुसला गेला होता. "उद्या तुम्ही खून केलात तरी सापडायचे नाहीत," व्हर्ना म्हणाली, आणि तिला वाटलं की त्याला बरं वाटेल. पण आपण जगात कुठेच उमटत नाही हे सरकारी कचेरीत ऐकून कोणाला बरं वाटेल. कशीबशी कडेची थोडी नक्षी धरून तिने त्याचं काम भागवलं.

मग इमोजीन. डावा हात झटकन झाला. उजवा तिने टेबलावर उचलून ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. मूठ घट्ट मिटलेली.

"मिस इमोजीन, उघडता येईल का थोडी?"

"नाही."

व्हर्ना उठली, आतून गरम पाण्यात पिळलेला टॉवेल घेऊन आली आणि तो मुठीभोवती गुंडाळून धरला. कचेरीतला फोन वाजत होता, तिने उचलला नाही. मग एकेक बोट, अंगठ्यापासून, हळूहळू. करंगळी उघडली तेव्हा तळहातावर नखांचे चंद्रकोरीसारखे व्रण दिसले, काही जुने, काही ओले. वेंडेल रोज तिचा डोळा तपासत होता, ठिपका गोल दिसतो का ते विचारत होता. बंदुकीवर तिची बोटं बसवतानाही तळहाताकडे त्याने कधी बघितलंच नव्हतं.

व्हर्नाने एकेक बोट शाईत टेकवलं. सगळ्या ठशांमध्ये ते ठसे सगळ्यात स्पष्ट आले. इमोजीन तोवर भिंतीवरच्या हरवलेल्या कुत्र्यांच्या चित्रांकडे बघत होती. ती शाई दुष्ट निघाली. घरी आल्यावर वेंडेल साबण, व्हिनेगर, काय काय घेऊन तिचा हात धूत बसला. नखं कापली, व्रणांना मलम लावलं, आणि मुठीत मऊ कापडाची गुंडाळी ठेवली. ती तिने फेकली नाही.

वॉशिंग्टनचा होकार येईपर्यंत उन्हाळा सरला. आता कायद्याप्रमाणे बंदुकीवर ट्रस्टचं नाव कोरायचं होतं. कोरीवकाम करणारा गावात एकच, चषकांच्या दुकानातला एल्मो. त्याच्या हाताला एकाच प्रकारची सवय. त्याने इमोजीनच्या चषकांवर कोरायचा तसंच वेलबुट्टीच्या अक्षरात नाव कोरलं, भोवती पानांची माळ काढली आणि 'स्टॅम्पर'च्या जागी 'स्टॅम्प' लिहिलं. वेंडेलने बघितलं आणि तिसरा शब्द आता घरात दोघांचा झाला. त्याच्याखाली पुन्हा बरोबर नाव कोरून घेतलं. "दोन नावं असली म्हणजे दोन बंदुका धरतात का, हे बघायला पाहिजे," ऑर्विल म्हणाला. वेंडेलने कुंपणाचं फाटक लावून घेतलं.

मग तो रविवार आला. वेंडेलने कोणाला बोलावलं नव्हतं, पण ड्रेमाबाईंनी सगळ्यांना बोलावलं होतं. क्लबात जत्रा भरली होती. केळ्याचं पुडिंग होतं, घड्या घालायच्या खुर्च्या होत्या, पाळकसाहेबसुद्धा होते. पूर्वी इमोजीन ज्यांवर नेम धरायची, त्या लांबच्या लक्ष्यांकडे कोणी बघतही नव्हतं. लोकांनी अगदी जवळ, अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्याइतकी जवळ, एक लोखंडी थाळी टांगली होती.

वेंडेलने ब्रेस तिच्या डाव्या हाताला बांधला. उजव्या हाताची बोटं पुढच्या मुठीवर बसवली. कायदेशीर. चष्मा नीट केला आणि मागे सरला. पहिली गोळी गेली, दुसरी गेली. तिसरी थाळीला लागली आणि टण्ण झालं.

सगळे उभे राहिले. टाळ्या. कोणीतरी शिट्टी घातली. ड्रेमाबाई डोळे पुसत होत्या. सगळ्यात जोरात टाळ्या वेंडेल वाजवत होता, हात दुखेपर्यंत.

इमोजीनने मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. मग बंदूक टेबलावर ठेवली, दातांनी ब्रेसचा पट्टा सोडला आणि काठी टेकत गाडीकडे चालू लागली.

"थकली असेल," पाळकसाहेब म्हणाले.

ती थकली नव्हती, हे वेंडेलला कळत होतं. काय झालं ते कळत नव्हतं. त्या दिवसानंतर तिने बंदुकीकडे बघितलं नाही. कपाटासमोरची खुर्चीही तिने हलवली. त्याने विचारलं, "जायचं का आज?" तर "नाही." मूठ बदलू का? "नाही." वेंडेललाही मग मनातून लागलं. कोणासाठी केलं आपण हे सगळं, जाळ अंगावर घेतला, बोटं पुसली गेल्याचं ऐकून घेतलं, विश्वस्त झालो. दोघंही एकाच टेबलावर न बोलता जेवू लागले. एकीला बोलता येत नव्हतं आणि दुसऱ्याला बोलायचं नव्हतं.

ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात पंगत होती. घेवड्याचं वरण, कॉर्नब्रेड, नेहमीचंच. इमोजीनने डाव्या हाताने चमचा उचलला, वरण न सांडता तोंडापर्यंत नेलं, आणि समोर बसलेल्या ड्रेमाबाईंनी टाळी वाजवली. "बघा तरी, स्वतःच्या हाताने जेवतेय आपली इमोजीन." टेबलावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इमोजीनने चमचा खाली ठेवला.

वेंडेल तिच्या तोंडाकडे बघत होता. त्या रविवारी क्लबात वळून बघताना हेच तोंड होतं. डोळे तपासायच्या तक्त्यावरच्या शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत ज्याला दिसायचं, त्याला वरचं मोठं अक्षर वाचल्याबद्दल आपण शाबासकी दिली होती. आणि सगळ्यात जोरात आपण.

सोमवारी क्लबात काळं कुत्रं नव्हतं. वेंडेल तिला घेऊन गेला, न विचारता. थाळी काढून टाकली आणि लांबच्या बांधावर कागदी लक्ष्य लावून आला. पट्टा बांधला, बोटं बसवली. मग मागे एक मोठी दुर्बीण तिवईवर लावून तिच्यापाशी बसला. गार वारा सुटला होता.

पहिली गोळी गेली. वेंडेलने दुर्बिणीतून बघितलं.

"लागली नाही," तो म्हणाला.

मार्चपासून त्याने तिला एकही वाईट बातमी तोंडावर सांगितली नव्हती. डॉक्टरांचं सगळं गोड करून सांगितलं होतं. त्याला वाटलं आता ती पट्टा सोडणार.

इमोजीन समोरच बघत होती. तिचा जबडा हलला. ओठ एका बाजूने जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"कुठे," ती म्हणाली.

वेंडेलच्या हातून दुर्बीण हलली. ती पुन्हा जागेवर आणायला त्याला जरा वेळ लागला.

"खाली," तो म्हणाला. "उजवीकडे."

तिने पुन्हा नेम धरला. "आताही खाली," तो म्हणाला. "चाप झटक्याने ओढतेयस." त्यावर तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. ज्याला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही त्याने तोंड उघडल्यावर बघावं तसं बघितलं, आणि हनुवटीने शेजारच्या उडणाऱ्या पानांकडे खूण केली. म्हणजे वारा.

"वारा डावीकडे चाललाय," वेंडेल म्हणाला. "तुझी गोळी उजवीकडे जातेय."

"नाही."

"मी दुर्बिणीतून बघतोय, जीनी."

"नाही," ती म्हणाली, आणि वाद घालत दोघं खोका रिकामा होईपर्यंत तिथे बसले.

बर्फ पडेपर्यंत ते जात राहिले, आडदिवशी, कोणाला न सांगता. त्या लांबच्या कागदाला तिची गोळी लागली नाही. जानेवारीत दुसरा झटका आला आणि तो तिला घेऊन गेला.

अंत्यविधीनंतर सगळे त्याच तळघरात जेवायला जमले. ड्रेमाबाईंनी वेंडेलला ताट वाढून आणलं. लोक हलक्या आवाजात चांगलं चांगलं बोलत होते. ऑर्विल शेजारी येऊन बसला आणि त्याने वेंडेलच्या खांद्यावर हात ठेवला.

"क्लबातला माळी सांगत होता, तुम्ही दोघं यायचात म्हणून," तो म्हणाला. "शेवटी शेवटी एकही गोळी चुकत नव्हती म्हणे तिची."

टेबलावरच्या चारपाच जणांनी मान डोलावली. वेंडेलने काटा खाली ठेवला.

"सगळ्या चुकत होत्या," तो म्हणाला. "खाली, उजवीकडे. ती म्हणायची वाऱ्याने जातात. मी म्हणायचो चापाने. ते भांडण आमचं मिटायचं राहिलं."